समुद्राच्या मोजणीची वाटणी

मी, विजयमाला बिरदेव गडदे, वय सदुसष्ट, सेवानिवृत्त समुद्रशास्त्रज्ञ, जन्मगाव लोणी भापकर, तालुका बारामती, हल्ली मुक्काम भिगवण, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणी भरीस न घालता आणि कोणाची भीड न धरता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. याआधी दोन मसुदे केले होते. ते दोन्ही फाडले आहेत. कोणाकडे त्यांची झेरॉक्स निघालीच, तर ती रद्द समजावी.

पुढच्या आठवड्यात पुण्याला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात धोका फार नाही, पण तोवर एका जागी बसून राहा. मला ते जमत नाही. चार ओळी टेबलाशी लिहिल्या आहेत, चार खिडकीपाशी उभ्याने, काही ओसरीच्या कठड्यावर वही टेकवून. त्यामुळे अक्षर ठिकठिकाणी बदललेले दिसेल. हात माझाच आहे.

१. मी लग्न केले नाही, त्याला कोणी जबाबदार नाही. वडील बिरदेव आणि आई भामाबाई दोघेही वारले. मागे सख्खा धाकटा भाऊ दादासो, त्याची पत्नी रंगूबाई आणि त्यांची दोन मुले आहेत. मुलगा ऋषिराज भिगवणला हायवेवर माशांची खानावळ चालवतो. मुलगी योगिनी लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी योगिनीला नेमते. तिला विचारून नेमले आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण पहिल्या मसुद्यात न विचारता नेमले होते.

२. लोणी भापकर येथील वडिलोपार्जित जमिनीतील माझा जो हिस्सा कायद्याने निघेल, तो सर्वच्या सर्व मी वहिनी रंगूबाई दादासो गडदे हिला देते. दादासोला नाही, तिला.

यामागची हकिकत अशी. आमचे घराणे मेंढरांचे. दिवाळी झाली की वाडा निघायचा. मेंढरे, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि तीन-चार कुटुंबे मिळून जो काफिला चालतो त्याला आमच्यात वाडा म्हणतात. घाट उतरून कोकणात जायचे, भात कापून झालेल्या खाचरांत मेंढरे बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात भात घ्यायचा आणि पावसाच्या आत माघारी यायचे. मी बऱ्यापैकी मोठी होईपर्यंत सहा महिन्यांच्या वर एका गावात राहिले नव्हते.

त्या फिरतीत मी समुद्र पाहिला. एकदा गुहागरच्या पुढे मुक्काम असताना सकाळी पाण्यावर लाकडाचा भुसा पसरल्यासारखा पिवळट तवंग आला, पार नजर जाईल तिथवर. आई म्हणाली, "कुणाची तरी वखार वाहून आली वाटतं." वडील गुडघाभर पाण्यात गेले, चिमूटभर उचलून हुंगले आणि म्हणाले, "भुसा न्हाय ह्यो. जित्ता वास हाय ह्याला." तिथे एक कोळी जाळे सुकवत बसला होता. त्याला त्यांनी विचारले, "मासं खात्यात का हे?" तो म्हणाला, हे आलं की मासा लांब पळतो. वडील म्हणाले, "म्हंजी समुद्रातबी खोटा चारा असतुया." मग मेंढरे हाकायची वेळ झाली आणि आम्ही निघालो. माझे मन तिथेच अडकले होते. खोटा चारा असेल तर खरा चारा कोणता, आणि तो दिसत का नाही, असे मी आठवडाभर विचारत होते. शेवटी आईने मला चापट मारली.

पुढे आईनेच हट्टाने मला शाळेसाठी लोणी भापकरला मावशीकडे ठेवले. ती म्हणायची, ह्या पोरीच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला मास्तरच पायजे. मला ते आवडले नाही. दर दिवाळीनंतर वाडा निघाला की मला ताप यायचा. नंतर बारामतीला कॉलेज केले, पुण्याला एम. एस्सी., आणि मग कोकण किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्रात नोकरी लागली. तोवर रानात कालव्याचे पाणी आले होते, वडिलांनी मेंढरे विकून ऊस लावला होता. ऊस लावल्यावर ते घरात बसेनात. संध्याकाळी उगीचच काठी घेऊन बांधाने चालत राहायचे.

वडील वारले तेव्हा दिवस झाल्या-झाल्या दादासो हक्कसोडपत्राचा टाइप केलेला कागद घेऊन माझ्याकडे कोकणात आला. म्हणाला, "अक्का, हितं सही कर. एसटीची येळ हाय." मी सही केली नाही. तो विचारायला आला असता तर मी दिले असते. तो फक्त न्यायला आला होता. मग कित्येक वर्षे आम्ही बोललो नाही. आता बोलतो, पण पावसापाण्याचे. रंगूबाईने त्या रानात भर उन्हात खुरपण केले आहे आणि सातबाऱ्यावर तिचे नाव कधी लागले नाही. म्हणून तिला. दादासोला वाईट वाटेल. त्याने ते रंगूबाईपाशी बोलून दाखवावे, म्हणजे ती काय म्हणते ते त्याला कळेल.

३. माझ्या आयुष्यातली खरी मिळकत म्हणजे अरबी समुद्रातील वनस्पती-प्लवकांच्या नोंदी. वाचणारा कोर्टातला असेल तर त्याच्यासाठी सांगते: समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तरंगत असतात. त्या वाढल्या तर मासे वाढतात, घटल्या तर घटतात, आणि आपण श्वासात घेतो त्या हवेतही त्यांचा मोठा वाटा असतो. त्या एका वर्षात मोजून काही कळत नाही. एक पावसाळा बरा असतो, एक वाईट. दहा, वीस, चाळीस वर्षे त्याच जागेचे पाणी काढून मोजले, तर समुद्र कोणत्या बाजूला कलतो आहे ते थोडेसे समजते. मी स्वतः मोजलेच, आणि माझ्याआधी व माझ्याबरोबर ज्यांनी मोजले त्यांचे आकडेही गोळा केले.

ते गोळा करणे हे मोजण्यापेक्षा अवघड काम निघाले. कोणी लिटरला मोजलेले, कोणी घनमीटरला. एकाच जातीची पाच नावे. कोणाचा प्रबंध वाळवीने खाल्लेला, कोणी परदेशी गेलेला. रत्नागिरीला एका दिवंगत प्राध्यापकांच्या पत्नीकडे मी गेले, तर त्या म्हणाल्या, "ह्यांचे ते आकड्यांचे मोठे कागद ना? पापडांखाली घातलेत गच्चीवर." मी गच्चीवर गेले. उडदाच्या पापडांखाली सलग अकरा वर्षांचा समुद्र पसरला होता. पापड वाळेपर्यंत मी थांबले. त्यांनी मला दोन वेळा जेवू घातले, आणि निघताना कागदांबरोबर पापडही दिले.

या नोंदींचे मी असे करते. संपूर्ण संच, कोणी काय कसे मोजले याच्या टिपांसह, जगातल्या कोणालाही फुकट पाहता येईल अशा भांडारात मी ठेवला आहे. त्यावर माझ्या वारसांचा कोणताही हक्क नाही आणि त्यांनी तो सांगू नये. मूळ कागद बारामतीच्या ज्या महाविद्यालयात मी शिकले त्याच्या ग्रंथालयाला द्यावेत. त्यांना विचारले आहे, उत्तर अजून आले नाही. रोज पोस्टमनकडे पाहते. त्यांनी नाही म्हटले तर योगिनीने योग्य वाटेल तिथे द्यावेत. रद्दीत मात्र देऊ नयेत.

४. संचाची एक वेगळी प्रत, आणि माझ्याकडचे जुने रेशमी जाळे, मी डॉ. दिग्विजय सरनोबत यांना देते.

हे वाचून केंद्रातले जुने लोक चमकतील. दिग्विजय माझे सहकारी होते, मग वरिष्ठ झाले, आणि आमचे भांडण केंद्राच्या भिंतींना पाठ आहे. केंद्राचे नाव इथे घालत नाही, कारण भांडण माणसाशी होते.

दिग्विजयनी त्या वेळपर्यंतच्या सगळ्या नोंदींचा आलेख काढला. त्यात डायटम, म्हणजे काचेच्या कवचाच्या त्या वनस्पती, निम्म्यावर आलेल्या दिसत होत्या. वर्तमानपत्रात मथळा आला, 'अरबी समुद्र उपाशी'. मी आलेख पाहिला, आणि ती घसरण एका वर्षात, जिन्याची पायरी उतरावी तशी झालेली दिसली. समुद्र असा उतरत नाही. त्या वर्षी काय झाले होते ते मला आठवले. तोपर्यंत आम्ही रेशमी जाळ्याने नमुने घ्यायचो. ती जाळी एकेक करून फाटली, शाबूत उरलेले एक मी ठेवून घेतले, आणि भांडारातून नायलॉनची आली. नायलॉनची भोके मोठी. बारीक डायटम त्यातून निसटून जाणारच.

सभेत मी हे सांगितले. दिग्विजय म्हणाले, "जाळं बदलल्याची नोंद कुठे आहे?"

मी म्हटले, "नोंद नाही. पण मी बोटीवर होते."

"म्हणजे तुमची आठवण आहे. पुरावा नाही."

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पुरावा नव्हता, तो करावा लागणार होता. मी केंद्राची बोट मागितली, मिळाली नाही. मग एका मच्छीमाराची होडी भाड्याने घेऊन मी जुने रेशमी जाळे आणि नवे नायलॉनचे जाळे शेजारी-शेजारी सोडून वर्षभर नमुने घेतले. मला समुद्र लागतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ओकत-ओकत घेतले. मोजणी झाली तेव्हा दिसले की घसरण होती, पण सांगितली तेवढी नव्हती. बरीचशी जाळ्याची होती. उरलेली खरी होती, आणि ती सावकाश चालू होती.

दिग्विजय म्हणाले, "एका वर्षाच्या पाण्यावरून मागची सगळी वर्षं तुम्ही कशी दुरुस्त करणार?" हाही प्रश्न बरोबर होता. पण तोवर त्यांचा शोधनिबंध छापून आला होता, आणि त्यावर न विचारता माझेही नाव घातले होते. मी लिहून ते काढायला लावले. महिन्याभरात माझी बदली केंद्राच्या वाचनालयात झाली. तिथे मला शिक्षा म्हणून बसवले होते. मी तिथूनच जुन्या लोकांचे पत्ते शोधले आणि वर सांगितलेले सगळे आकडे जमवले. माझा निबंध नंतर छापून आला. आजही दोन्ही आलेख फिरतात. काही जण त्यांचा वापरतात, काही माझा. यावरून मला अजून झोपेतून जाग येते.

तर मग त्यांना का? माझे म्हणणे ज्यांना पटले आहे ते माझे आकडे तपासणार नाहीत. दिग्विजय तपासतील, एकेक ओळ, कुठे मी चुकते ते धरायला. मला तेच हवे आहे. जाळे जीर्ण झाले आहे. त्याला ठिगळ लावू नये, भोके मोजायला अजून पुरेसे कापड शाबूत आहे.

५. भिगवण येथील घर मी निवृत्तीनंतर स्वकष्टाच्या पैशातून घेतले. उजनीच्या फुगवट्याचे पाणी मागच्या खिडकीतून दिसते. लोक विचारायचे, समुद्रावरची बाई धरणाकाठी कशाला आली. पाण्याशेजारी राहायची सवय झाली होती, आणि लोणी भापकरला राहिले असते तर दादासोशी रोज पावसापाण्याचे बोलावे लागले असते. इथे आल्यावर दत्तोबा या मच्छीमाराच्या होडीतून जाऊन मी दर महिन्याला उजनीचेही पाणी काढून मोजू लागले. गोडे पाणी, वेगळ्या जाती, पण मोजणे तेच.

घराच्या मागच्या खोलीत समुद्राच्या मूळ नमुन्यांच्या बाटल्या होत्या. केंद्राने जागा नाही म्हणून टाकायला काढल्या तेव्हा मी टेम्पो करून आणल्या होत्या. रेशमी जाळ्याच्या काळातल्याही आणि नंतरच्याही. आमचे भांडण कायमचे मिटवायचे असेल, तर कोणीतरी त्या पुन्हा उघडून, दोन्ही काळांतल्या डायटमचे आकार मोजायला हवे होते; नंतर फक्त बारीकच घटले असतील, तर दोष जाळ्याचा. मी ते काम सुरू केले होते. फार पुढे गेले नव्हते.

गेल्या वर्षी पहिल्यांदा छातीत दुखले आणि मला बारामतीला दवाखान्यात ठेवले. जिना चढायचा नाही असे ठरले. मी घरी आले तर मागची खोली रंगवलेली, खिडकीशी माझी कॉट, भिंतीला धरायला दांडी बसवलेली. ऋषिराज दारात उभा होता. म्हणाला, "आत्या, बघा, झोपून पाणी दिसतंय."

मी म्हटले, "बाटल्या?"

"ते कुजकं पाणी व्हय? लई वास मारत हुतं. टाकलं वतून. निम्म्या योगिनीनं येऊन हिसकावून घेतल्या, त्या वर ठिवल्यात."

रेशमी जाळ्याच्या काळातल्या सगळ्या गेल्या. उरल्या त्या नंतरच्या.

मी त्याला रागावले नाही असे इथे लिहिले तर ते खोटे ठरेल. आरडाओरडा केला नाही. "डबा घेऊन जा," एवढेच म्हटले. तो रोज डबा पायरीवर ठेवून जायचा आणि संध्याकाळी तसाच भरलेला न्यायचा. मला भूक नव्हती. ज्या खोलीत माझे काम संपले होते तिथेच, त्याने प्रेमाने लावलेल्या कॉटवर, पाण्याकडे तोंड करून मला पडून राहायचे होते. मी भिंतीकडे तोंड करून पडायचे.

दिग्विजयना फोन करून मीच सांगितले. कोणत्या वर्षांच्या गेल्या ते त्यांनी विचारून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे आता तुमचंही आणि माझंही असंच अर्धवट राहणार."

"हो."

"नोंदी तरी नीट ठेवा, मॅडम."

एका दुपारी ऋषिराज डबा ठेवून गेला नाही. आत आला आणि उभा राहिला. म्हणाला, "आत्या, मी काय वतलं ते येकदा सांगा तरी." मी वरून उरलेल्यांतली एक बाटली आणवली, थेंब काचेवर घेतला आणि त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवले. तो पुष्कळ वेळ पाहत होता. हात गुडघ्यांवर, श्वास धरून.

"ह्यो नक्षीचा डबा हाय का काय?"

"वनस्पती आहे. काचेच्या घरात राहते."

"हे समद्या बाटल्यात हुतं?"

"सगळ्यात. प्रत्येकीत वेगळं."

तो उठला, तोंड धुऊन आला. त्याने माफी मागितली नाही. डबा उघडून आम्ही दोघे जेवलो. चिलापी मासळी होती.

तरी, घरासमोरची रस्त्याकडेची मोकळी जागा मी ऋषिराज दादासो गडदे याला देते. त्याला खानावळ मोठी करायची आहे आणि हल्लीची जागा न परवडणाऱ्या भाड्याची आहे. उरलेल्या बाटल्या मात्र त्याच्याकडे देत नाही. त्या ज्या विद्यापीठाला हव्या असतील त्याला योगिनीने द्याव्यात. हात लावण्याआधी हातमोजे घालावेत, त्यात फॉर्मॅलिन आहे.

६. घर, वरच्या मजल्यासह, मी योगिनी दादासो गडदे हिला देते.

फाडलेल्या मसुद्यात या कलमाला एक अट होती. योगिनीने या घरातच राहावे, दर महिन्याला उजनीचे पाणी काढावे, मोजावे, नोंदवावे, आणि सलग वर्षभर खंड पडला तर घर दुसऱ्याकडे जावे. मला ही अट फार शहाणपणाची वाटली होती. तिला मोजणी येते. गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी ती लोणी देवकरहून येते, दत्तोबाच्या होडीत बसते, पाण्यात आयोडीन घालते, गाळ बसू देते आणि माझ्या शेजारी बसून मोजते. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. तिच्या हातून हे बंद पडणार नाही, असे मी मनात धरून बसले होते.

मी तिला मसुदा वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकले. मग विचारले, "आत्या, तुमी मला घर देताय का गळ्यात दावं?"

मी म्हटले, "घर देतेय. काम सांगतेय."

"काम मी करतेच की. तुमी म्हणालात म्हणून न्हाय करत. पण चाकणला मला मोठ्या लॅबमधी नोकरी मिळतीय. मी जाणार हाय. हे तुमाला कसं सांगू म्हणून महिनाभर गप हाय मी."

"आणि उजनी?"

"मला न्हाय माहीत."

"मग मोजणी तुटेल."

"तुटंल. तुमी आजारी हुता तवाबी तुटली हुती. मी एकटीनं जायला पायजे हुतं, न्हाय गेले, दवाखान्यात तुमच्यापाशी बसले. त्याचं काय करायचं?"

मी चिडले. तू जा, तुला जायचेच आहे तर आत्ता जा, असे म्हटले, आणि ती गेली. पुढचे काही दिवस मी घरभर फिरत होते. बसले की उठत होते. पाणी तापत ठेवून विसरत होते. दत्तोबा दारात येऊन म्हणाला, "बाई, आज जायाचं का?" मला डॉक्टरांनी होडीत बसायला मनाई केली आहे. तो थोडा वेळ थांबला आणि गेला. त्या महिन्याचे पाणी कोणी काढले नाही.

माझे वडील मेंढरे विकल्यावर बांधावरून काठी घेऊन का चालायचे, ते त्या दिवसांत मला कळले. आणि माझी आई, जिचे सगळे आयुष्य चालण्यात गेले, तिने मला एका जागी ठेवले ते बांधून ठेवायला ठेवले नव्हते, हेही कळले. मी शिकून निघून जाईन हे तिला माहीत होते. मला नेऊन सोडायला ती एसटीच्या थांब्यापर्यंत आली, आणि परत कधी येशील असे तिने विचारले नाही.

मी योगिनीला फोन केला. म्हटले, अट काढली. ती म्हणाली, "मंग येईन मी. पण कधी ते सांगणार न्हाय." मी म्हटले, नको सांगूस.

तरी घर योगिनीचे, कोणत्याही अटीशिवाय. तिने विकावे, भाड्याने द्यावे, कुलूप लावावे. कोणी तिला माझ्या इच्छेची आठवण करून देऊ नये.

७. सूक्ष्मदर्शक योगिनीचा. तिला नको असल्यास लोणी भापकरच्या शाळेला द्यावा, पण काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी नव्हे. मुलांच्या हातून भिंग फुटले तरी चालेल. पाणी काढण्याची बाटली, दोरी आणि आयोडीन दत्तोबाकडे राहू द्यावे. त्याची होडी आहे, आणि ज्याला कोणाला पाणी काढायचे असेल तो आधी त्याच्याकडेच येईल.

८. बँकेतील ठेवींतून माझ्या दवाखान्याचा आणि क्रियाकर्माचा खर्च भागवून जे राहील ते रंगूबाई आणि योगिनी यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. वडिलांची घोंगडी दादासोला. ती त्याने मागितली नव्हती. मला माहीत आहे की त्याला हवी आहे.

९. माझ्या अस्थी उजनीत टाकू नयेत. त्या पाण्यात स्फुरद, म्हणजे हाडांतही असते ते फॉस्फरस, आधीच जास्त आहे, त्यानेच ते हिरवे होते, आणि मी जाता-जाता त्यात भर घालणार नाही. समुद्रातही नको, तेवढ्यासाठी कोणी गाडी करून घाट उतरू नये. लोणी भापकरच्या रानात टाकाव्यात. दादासो दर हंगामाला स्फुरदाची पोती आणतो, त्याची तेवढी चिमूटभर बचत होईल. भटजींना हे पटले नाही तर त्यांना चहा द्यावा.

१०. हे कलम माझ्या वारसांसाठी नाही. ज्याच्या किंवा जिच्या हातात पुढे या नोंदी पडतील, त्या माणसासाठी आहे. नाव मला माहीत नाही.

मोजणीत खंड पडेल. माझ्या आजारात पडला, मागच्या महिन्यात पडला, पुढच्या आठवड्यानंतर किती पडेल सांगता येत नाही. तो पडू नये म्हणून मी काय-काय करून पाहिले ते वर लिहिले आहे. आता एकच मागणे आहे. ज्या महिन्यात कोणी पाणी काढले नाही, त्या महिन्याच्या रकान्यात शून्य लिहू नये. दुसऱ्यांच्या तक्त्यांतली अशी शून्ये ओळखून खोडण्यात माझी वर्षे गेली आहेत. शून्य म्हणजे कोणीतरी गेले, पाणी काढले, डोळा लावून पाहिले आणि त्यात काही नव्हते. न गेलेल्या महिन्याची जागा मोकळी ठेवावी. आकडे बघणाऱ्याची नजर तिथे अडखळू द्यावी. त्याला बसवेनासे व्हावे, आणि त्याने उठून बाटली शोधावी.

येणेप्रमाणे लिहून ठेवले असे. वाचून पाहिले, खाडाखोड नाही; पाचव्या कलमात एके ठिकाणी पाणी सांडून शाई पसरली आहे, तिथे माझी सही केली आहे.

ठिकाण: भिगवण
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार
(सही) विजयमाला बिरदेव गडदे

आम्ही खाली सही करणार साक्षीदार. विजयमालाबाईंनी वरील मजकूर आमच्यासमोर मोठ्याने वाचला, अर्धा बसून आणि अर्धा उभ्याने, आणि आमच्यासमोर सही केली. आम्हा दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

१. (सही) डॉ. निकिता हेमंत शेंडगे, वैद्यकीय व्यवसाय, राहणार भिगवण. लिहून ठेवणार यांना मी आज तपासले, त्या पूर्ण शुद्धीवर आहेत.

२. (सही) शिवम गेणबा बंडगर, प्राथमिक शिक्षक, राहणार भिगवण.